ब्रायटनच्या टेकडीवरची छत्री : पार्श्वभूमी

दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्यावर ब्रायटन आहे. त्याच्या बाहेर, पॅचम गावावरच्या माळावर पांढऱ्या संगमरवराची एक छत्री, म्हणजे घुमटाचं स्मारक, उभी आहे. गाडी तिथवर जात नाही, चालत जावं लागतं. इतकी आडबाजूची जागा निवडण्याचं कारण साधं आहे. पहिल्या महायुद्धात हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन नेमकं इथेच झालं.

१९१४ च्या शेवटी ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या लाहोर आणि मीरत डिव्हिजनचे सैनिक फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर लढत होते. जखमींना समुद्रापलीकडे ब्रायटनला आणलं जाई. तिथल्या घुमटदार रॉयल पॅव्हिलियनचं इस्पितळ झालं. राजाने स्वतःचा महाल सैनिकांना दिला असा गाजावाजा झाला खरा, पण तो महाल १८५० पासूनच शहराच्या मालकीचा होता. हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे, स्वयंपाक वेगळा, अशी बडदास्त होती. त्याच शहरातल्या किचनर इस्पितळाला मात्र काटेरी तारेचं कुंपण होतं आणि बाहेर पडायला बंदी. फोटो कुठले छापले गेले असतील, हे सांगायला नको.

उपचारादरम्यान दगावलेल्या मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला, शाहजहान मशिदीजवळ झालं. हिंदू आणि शिखांना पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला जाई आणि रक्षा इंग्लिश खाडीत सोडली जाई. असे ५३ जण.

स्मारकाची कल्पना ऑगस्ट १९१५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या लेफ्टनंट दासगुप्ता यांनी मेयर जॉन ऑटर यांच्याकडे मांडली. ऑटर यांनी ती लावून धरली. खर्च इंडिया ऑफिस (हिंदुस्थानचा कारभार पाहणारं ब्रिटिश सरकारचं खातं) आणि ब्रायटन नगरपालिकेने वाटून घेतला. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा, आणि देखरेख जयपूरमध्ये हयात घालवलेल्या सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांची. दहनाच्या जागी छत्री बांधायची ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्यात वानवडीची शिंदे छत्री आहे, ती याच परंपरेतली. इथे संगमरवर आला तो सिसिलीहून. आठ खांब, वर घुमट, उंची २९ फूट. चितांसाठी केलेले काँक्रीटचे ओटे ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळांखाली झाकले आहेत. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांच्या हस्ते अनावरण झालं.

पुढे हेळसांड झाली. दुसऱ्या महायुद्धात हा भाग लष्करी सरावाला दिला होता. गोळ्यांनी संगमरवराचे टवके उडाले, नंतर डागडुजी करावी लागली. १९५१ पासून ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संघटना दरवर्षी इथे मानवंदना देऊ लागली. १९९९ नंतर तो कार्यक्रम थांबला तेव्हा स्थानिक मंडळींनी तो हाती घेतला, आणि आता तो दर जूनमध्ये होतो.

छत्रीवर कोरलेल्या लेखात सम्राटासाठी दिलेल्या प्राणांचा, बंधुभावाचा उल्लेख आहे, पण एकाही सैनिकाचं नाव नाही. ती ५३ नावं कोरलेली भिंत शेजारी उभी राहिली सप्टेंबर २०१० मध्ये.