खांदा शिवला, आता हात कधी हलवायचा?

आईच्या उजव्या खांद्याचं रोटेटर कफचं ऑपरेशन झालं तेव्हा मला वाटलं होतं की मुख्य काम तर सर्जनने केलंय, आता काय थोडेफार व्यायाम. कसलं काय, खरं काम तिथून पुढे सुरू झालं.

आपल्या खांद्याची वाटी फार उथळ असते, खुब्यासारखी खोल नाही, म्हणून तर हात सगळीकडे फिरतो. पण मग दंडाच्या हाडाचा मोठा गोळा वाटीतून सटकू नये म्हणून चार स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, त्याला शर्टाच्या कफसारखे धरून असतात, हाच रोटेटर कफ. त्यातला सर्वात वरचा, सुप्रास्पायनेटस, हाच बहुतेक वेळा फाटतो. ऑपरेशनमध्ये हाडात छोटे अँकर बसवून टेंडन दोऱ्याने हाडाला बांधतात, पण दोरा नुसता धरून ठेवतो, चिकटायचं काम शरीरालाच करावं लागतं आणि त्याला महिने लागतात.

गोची अशी की दुखणं आधी थांबतं, टेंडन नंतर जुळतं. चौथ्या आठवड्यात आईने स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, काढून फडताळातला चहाचा डबा घ्यायला हात वर नेला, म्हणे "अगं आता काही दुखत नाहीये". मी जवळजवळ ओरडलेच! नशिबाने काही तुटलं नाही.

म्हणून पहिले साधारण सहा आठवडे खांदा स्वतःच्या ताकदीने हलवायचा नसतो. पण अजिबात नाही हलवला तर आखडतो, डायबेटीस असेल तर जास्तच. यावरचा उपाय म्हणजे पेंड्युलम, बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा व्यायाम. चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाकायचं आणि दुखरा हात नुसता लोंबकळू द्यायचा. फिजिओ म्हणाली, "काकू, हात नाही हलवायचा, कंबर हलवा, हात आपोआप झुलेल." आई मात्र जात्यावर दळण दळल्यासारखा हात गरागरा फिरवायची, आणि मोठे गोल काढले की स्नायू कामाला लागतात, म्हणजे मूळ हेतूच गेला. कोपर, मनगट, बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची, नाहीतर हात सुजतो.

मग काठी आली, उताणं झोपून चांगल्या हाताने दुखऱ्याला ढकलायचं, मग दारावरची पुली, मग भिंतीवर बोटं चढवत न्यायची, मी पेन्सिलने खुणा करायचे. इथे एक लबाडी होते, हात वर जात नसला की माणूस खांदाच कानापर्यंत उचलतो आणि हात वर गेल्यासारखा दिसतो. हात पूर्ण वर म्हणजे 180 अंश, त्यातले साधारण 120 खांद्याच्या सांध्यातून आणि 60 पाठीवरचं फावड्यासारखं हाड फिरल्यामुळे येतात, त्यामुळे फिजिओ आईच्या मागे उभी राहून त्या हाडावर हात ठेवूनच मोजायची.

रबराचा पट्टा, म्हणजे ताकदीचे व्यायाम, साधारण बारा आठवड्यांनंतर. किती फाटलं होतं, टेंडन कसं होतं यावर हे मागेपुढे होतं, त्यामुळे शेजारच्या काकांचं वेळापत्रक आपल्याला लावू नये, आपल्या सर्जनचंच ऐकावं.

आईचा स्वतःचा अंबाडा स्वतः घालणं सगळ्यात शेवटी जमलं, जवळजवळ पाच महिन्यांनी. तोवर मी घालून द्यायचे, आणि तो तिला एक दिवसही आवडला नाही.