उड्डाणाला ‘फिट’ ठरवणारी सही

४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई-३० कोसळलं. दोन्ही वैमानिक इजेक्ट झाले, म्हणजे आसनासकट बाहेर फेकले गेले, म्हणून वाचले. अशा अपघातानंतर चर्चा इंजिनाची होते, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याची होते. पण इजेक्शनमध्ये मणक्याला जबर झटका बसतो आणि तो वैमानिक पुन्हा कधी उडणार, हे लष्करी डॉक्टर ठरवतात. त्यांचं चुकलं तर जाब कोणाला विचारायचा?

लष्करी वैमानिकांसाठी वेगळी वैद्यकशाखा पहिल्या महायुद्धात उभी राहिली. अमेरिकेत १९१८ मध्ये त्यासाठी प्रयोगशाळा निघाली, आपल्याकडे बंगळुरूची संस्था १९५७ ची. नाशिकचा लष्करी उड्डाणाशी संबंध तोफखान्यामुळे. तोफगोळे कुठे पडतात हे आकाशातून पाहणारे अधिकारी तोफखान्याचेच असत. त्यातूनच १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर ही भूदलाची हवाई शाखा झाली आणि २००३ पासून तिची प्रशिक्षण शाळा नाशिकच्या गांधीनगरला आहे. 

हवाई दलात वैमानिकाची वैद्यकीय श्रेणी दोन अक्षरांत मांडतात: ‘ए’ हवेसाठी, ‘जी’ जमिनीसाठी. ए१जी१ म्हणजे पूर्ण फिट. श्रेणी उतरली की उड्डाणावर मर्यादा येतात, फार उतरली तर वैमानिक ग्राउंड, म्हणजे उड्डाण बंद. म्हणून दुखणं लपवण्याचा मोह होतो, आणि खरी गोम इथेच आहे. तपासणारा डॉक्टर त्याच तळावर, त्याच कमांडरच्या हाताखाली, त्याच मेसमध्ये जेवणारा. वर मेडिकल बोर्ड, त्यावर वरिष्ठांची मंजुरी. इतक्या सह्यांमुळे निर्णय पक्का होत असेल, पण एकट्या माणसाची जबाबदारी पातळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कायदाही बराच काळ लांबच राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये फेरेस खटल्यात, सेवेशी निगडित इजेसाठी सैनिकाला सरकारवर भरपाईचा दावा करता येणार नाही, असं ठरवलं. आपल्याकडे १९९५ च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, मात्र सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालयं वगळली गेली. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरवरच्या फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणाची अट आली.

मग २६ सप्टेंबर २०२३. हवाई दलाच्या एका जवानाला २००२ मध्ये सांबाच्या लष्करी रुग्णालयात दिलेल्या रक्तातून एचआयव्ही झाला होता. प्रकरण उड्डाणाचं नाही, पण पेच तोच. चूक नेमकी कोणाची, हे एका व्यक्तीवर ठेवता येईना. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हवाई दल आणि भूदल दोघांना जबाबदार धरून सुमारे १ कोटी ५४ लाखांची भरपाई द्यायला लावली.

भरपाईचा रस्ता असा उघडला. वैमानिकाच्या घरच्यांना हवं असतं ते कारण, आणि ते असतं कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या, म्हणजे दलाच्या अंतर्गत चौकशीच्या अहवालात, जो सहसा जाहीर होत नाही.