डिस्टोपियन कथासाहित्याचे वर्गवाचन

सुख, शिस्त किंवा सुरक्षितता यांच्या नावाखाली माणसाला चेपून टाकणारा कल्पित समाज म्हणजे डिस्टोपिया. अशा समाजांच्या कथा विद्यार्थ्यांसोबत वाचून त्यांची चिकित्सा करण्याची पद्धत इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात चांगलीच रुळली आहे.

‘युटोपिया’, म्हणजे आदर्श कल्पित समाज, हे नाव टॉमस मोरने १५१६ मध्ये घडवले. त्याच्या उलट अर्थाचा शब्द जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत, आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना वापरला. साहित्यप्रकार म्हणून डिस्टोपिया विसाव्या शतकातला. येवगेनी झाम्यातिनच्या ‘वी’मध्ये माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या, सोव्हिएत संघात ही कादंबरी १९८८ पर्यंत छापली गेली नाही. आल्डस हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधले (१९३२) राज्य लोकांना ‘सोमा’ नावाची गोळी देऊन खूश ठेवते. बिहारमधील मोतीहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ मध्ये आली.

वर्गात ही पुस्तके बहुधा राजकारणाच्या तासासारखी शिकवली जातात: हुकूमशहा कोण, पाळत कोणती, आजच्या कोणत्या देशाशी साम्य. चर्चा रंगते, पण पुस्तक मात्र बाजूला पडते. त्यापेक्षा शब्दांचा माग काढणे अधिक फळते. लोइस लौरीची ‘द गिव्हर’ (१९९३) त्यासाठी उत्तम. तिथे भूक नाही, भांडण नाही, बाराव्या वर्षी प्रत्येकाला काम नेमून मिळते. ‘इथे राहायला आवडेल का?’ असे सुरुवातीच्या प्रकरणांनंतर विचारले, तर परीक्षांना कंटाळलेली मुले सहज हो म्हणतील. म्हातारी माणसे, नियम मोडणारे, अशक्त बाळे यांना तिथे ‘रिलीज’ करतात. नायकाचे वडील जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला सुई टोचतात, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कळतो. मग मागची पाने उलटून तो शब्द कुठे कुठे आला ते शोधायचे; खरा तास तिथे सुरू होतो.

ऑर्वेलच्या कादंबरीतल्या राज्याने विचार आवळण्यासाठी घडवलेल्या ‘न्यूस्पीक’ या भाषेचा प्रयोग मराठीतही करता येतो. त्या भाषेत ‘वाईट’ला वेगळा शब्दच नाही, ‘चांगले’ला नकारार्थी उपसर्ग जोडला की भागते. फळ्यावर भिकार, रद्दड, टुकार, फालतू, नासका, कुचका असे शब्द लिहावेत, सगळे पुसून त्या जागी एकटे ‘नचांगले’ ठेवावे आणि मुलांना शेजाऱ्याशी भांडायला सांगावे. भांडण दोन वाक्यांत आटोपते. टुकार चित्रपट आणि नासका आंबा यांतला फरक आता सांगायचा कसा, हा प्रश्न मुलांपुढे आपोआप उभा राहतो.

शब्द पुसण्याचा हा खेळ शाळांसाठी एकदा खरोखरच झाला, तोही पुस्तके जाळण्यावरच्या पुस्तकाशी. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरेनहाइट ४५१’ची (१९५३) शाळांसाठीची आवृत्ती १९६७ पासून निघू लागली. तिच्यातून शिव्याशाप आणि गर्भपाताचा उल्लेख प्रकाशकाने गुपचूप गाळले होते. विद्यार्थ्यांनीच ही गोष्ट लेखकाला पत्राने कळवली. १९७९ मध्ये ब्रॅडबरीने त्यावर संतप्त टिपण लिहिले आणि मूळ मजकूर परत आला. हा प्रसंग कादंबरीसोबत वाचावाच. ‘द गिव्हर’वरही १९९० च्या दशकात अमेरिकेत भरपूर आक्षेप घेतले गेले.

मराठी मुलांना अधिक जवळचे वाटेल ते मंजुळा पद्मनाभन यांचे मूळ इंग्रजी नाटक ‘हार्वेस्ट’, ज्याला १९९७ मध्ये ओनासिस पारितोषिक मिळाले. ते घडते मुंबईत, एका खोलीत. बेकार झालेला ओम आपले अवयव परदेशी श्रीमंताला देण्याचा करार करतो आणि घरात स्वतःचे शौचालय येते. सार्वजनिक संडासापुढे रांग लावलेल्याला या सुखाची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. इथेही शब्द पाहावा: अवयव विकणाऱ्याला करारात ‘डोनर’, म्हणजे दाता, म्हटले आहे.

वयाचे भान मात्र हवे. ‘नाइन्टीन एटी-फोर’च्या तिसऱ्या भागातील छळ आठवी-नववीला झेपणारा नाही. मोठ्या वर्गात शेवटचे पान संपल्यावरही पुस्तक मिटू नये, कारण पुढे न्यूस्पीकवरचे परिशिष्ट आहे. अमेरिकेतल्या एका बुक क्लबने ते गाळायला सांगितले, तेव्हा ऑर्वेलने नकार दिला होता. परिशिष्ट साध्या, नेहमीच्या इंग्रजीत आहे आणि न्यूस्पीकबद्दल भूतकाळात बोलते. ते कोणी, केव्हा लिहिले असावे, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.