लॉगिन बॅनर (नेटवर्क स्विच)

नेटवर्क स्विच किंवा राउटरवर कन्सोल (उपकरणाला थेट तारेने जोडणी), टेलनेट अथवा एसएसएचने (दोन्ही दुरून जोडणीच्या पद्धती) प्रवेश करणाऱ्यास उपकरण जो पूर्वनियोजित मजकूर दाखवते, त्याला लॉगिन बॅनर म्हणतात. तो बहुधा ताकीद देणारा असतो : उपकरण कोणाचे आहे, प्रवेश कोणाला आहे, नोंदी ठेवल्या जातात की नाही.

सिस्को कंपनीच्या नेटवर्क उपकरणांवरील आयओएस प्रणालीत याचे तीन प्रकार नेहमी वापरले जातात. टेलनेट वा कन्सोलवर प्रथम ‘एमओटीडी’ (मेसेज ऑफ द डे, म्हणजे दिवसाचा संदेश), मग ‘लॉगिन’ बॅनर, त्यानंतर वापरकर्तानाव व पासवर्डची विचारणा, आणि आत गेल्यावर ‘एक्झेक’ (कमांड देण्याच्या सत्राचा) बॅनर असा क्रम असतो. एमओटीडी ही प्रथा युनिक्समधून आली. तिथे हा मजकूर लॉगिननंतर दिसतो. अरिस्टा कंपनीच्या ईओएस प्रणालीतही तसेच आहे. जुनिपर कंपनीच्या जुनॉस प्रणालीत लॉगिनपूर्वीच्या मजकुराला ‘मेसेज’ आणि नंतरच्या मजकुराला ‘अनाउन्समेंट’ म्हणतात. एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीत बॅनरसाठी स्वतंत्र संदेश आहे (आरएफसी ४२५२ हा इंटरनेट मानकाचा दस्तऐवज, २००६). मात्र क्लायंटने (जोडणी करणाऱ्याच्या संगणकावरील प्रोग्रामने) वापरकर्तानाव तोवर पाठवलेले असते, त्यामुळे बॅनर दिसतो तो पासवर्डच्या आधी.

आयओएसमध्ये ‘बॅनर लॉगिन’ या कमांडनंतर येणारे पहिले चिन्ह मजकुराची सीमा ठरवते. तेच चिन्ह पुन्हा आले की मजकूर संपला. नवख्यांची फजिती इथेच होते. सीमेसाठी ‘#’ घेतले आणि मजकुरात सजावटीची ‘#’ चिन्हांची चौकट काढली, तर बॅनर तिथेच तुटतो व पुढच्या ओळी स्विच कमांड समजून वाचू लागतो. चौकटीतले ‘#’ आणखीही एक त्रास देते : प्रॉम्प्टही (कमांडची वाट पाहत असल्याची खूण) त्याच चिन्हावर संपत असल्याने स्वयंचलित स्क्रिप्ट बॅनरलाच प्रॉम्प्ट समजून बसतात. मजकुरात ‘डॉलर-कंस-होस्टनेम’, म्हणजे $(hostname), असे टोकन घातल्यास स्विच तिथे स्वतःचे नाव भरतो. ही सोय एक्झेक बॅनरमध्येच वापरावी. दाराबाहेर उभ्या असलेल्याला उपकरणाचे नाव, मॉडेल वा सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगण्याचे कारण नाही. अर्थात, कॉन्फिगरेशन जतन केले नाही तर स्विच पुन्हा सुरू होताच बॅनर जातो.

ताकिदीत ‘वेलकम’ लिहू नये, नाहीतर ते प्रवेशाचे आमंत्रण ठरेल, हा नियम प्रशिक्षणवर्गांत आवर्जून सांगितला जातो. त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व मिळाले आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली मालकाच्या परवानगीविना प्रवेश करणे हेच उल्लंघन ठरते. अप्रामाणिक किंवा कपटी हेतू असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यासाठी बॅनरची अट नाही. बॅनरचे खरे वजन देखरेखीच्या पूर्वसूचनेत आहे, विशेषतः अधिकृत कर्मचाऱ्यांच्या बाबतीत. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेच्या ८००-५३ या सुरक्षा-नियंत्रणसंग्रहात ‘एसी-८’ ही याचीच तरतूद आहे. अमेरिकी संरक्षण खात्याचा बॅनर तर शब्दशः ठरलेला आहे. तो सुमारे १,३०० अक्षरांचा असून, ज्या उपकरणांत तेवढी जागा नसते त्यांच्यासाठी एका ओळीची आवृत्तीही नेमून दिली आहे.