'एन्थुझिॲझम' : अंगात येण्यापासून उत्साहापर्यंत

'एन्थुझिॲझम' या इंग्रजी शब्दाला मराठीत आपण सहज 'उत्साह' म्हणतो, आणि आजच्या वापरापुरते ते बरोबरच आहे. तथापि या दोन शब्दांची कुळे अगदी वेगळी आहेत. 'उत्साह' हा संस्कृतातील 'सह्' या धातूपासून आलेला, माणसाच्या स्वतःच्या बळाचा निदर्शक शब्द असून नाट्यशास्त्राने त्याला वीररसाचा स्थायिभाव मानले आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र बाहेरून येऊन माणसाचा ताबा घेणारी शक्ती आहे.

ग्रीक भाषेत 'एन्' म्हणजे आत आणि 'थेऑस' म्हणजे देव. ज्याच्या ठायी देव शिरला आहे तो 'एन्थेऑस', आणि त्याची ती अवस्था म्हणजे 'एन्थुसिआस्मॉस'. मराठीत याला 'अंगात येणे' किंवा 'संचार होणे' हेच शब्द चपखल बसतात. प्लेटोने 'आयॉन' या संवादात लोहचुंबकाचा दृष्टान्त दिला आहे : चुंबकाला चिकटलेली लोखंडी कडी जशी दुसऱ्या कडीला ओढून धरते, तशी काव्यदेवतेची शक्ती कवीत, कवीकडून काव्यगायकात आणि त्याच्याकडून श्रोत्यांत उतरते.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जाऊ लागला. यादवी युद्धाच्या काळात, आपल्याला थेट ईश्वराची प्रेरणा होते असे सांगणारे अनेक पंथ उभे राहिले होते, आणि त्या अशांततेची धास्ती घेतलेल्या विद्वानांना असा दावा म्हणजे रोग वाटू लागला. मेरिक कॅसोबॉन याने 1655 मध्ये, तर हेन्री मोर याने 1656 मध्ये या 'रोगा'ची नैसर्गिक कारणे शोधणारे ग्रंथ लिहिले. तत्त्वज्ञ जॉन लॉकने आपल्या मानवी आकलनविषयक ग्रंथाच्या 1700 च्या चौथ्या आवृत्तीत यावर एक स्वतंत्र प्रकरणच घातले. पुढे 1706 मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेले काही प्रॉटेस्टंट लंडनला आले. थरथर कापत भविष्य सांगणाऱ्या या लोकांमुळे वाद पुन्हा पेटला, तेव्हा इंग्रज विचारवंत शाफ्ट्सबरीने 1708 मध्ये छळापेक्षा विनोद हा चांगला उतारा असल्याचे सुचवले. मला या साऱ्या वादात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे 1741 चे निरीक्षण सर्वांत मोलाचे वाटते : हा आवेश प्रारंभी अंधश्रद्धेपेक्षा उग्र असतो खरा, पण अंधश्रद्धा माणसाला पुरोहितांच्या अधीन करते आणि हा आवेश नागरी स्वातंत्र्याला पोषक ठरतो. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्यावरही हाच आरोप होत असे, आणि 1750 मध्ये त्यांनी या शब्दाच्या अर्थावरच प्रवचन प्रसिद्ध केले.

सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशात 'ईश्वरी साक्षात्काराचा पोकळ विश्वास' हा अर्थ पहिला आहे, तर कल्पनेची उंच भरारी हा प्रशंसेचा अर्थ तिसऱ्या क्रमांकावर. पुढे स्वच्छंदतावादी (रोमँटिक) काव्याने अंतःप्रेरणेला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि एकोणिसाव्या शतकात हा तिसरा अर्थच मुख्य होत जाऊन शब्दातील देव हळूहळू विसरला गेला.