कॅश गेमचा डाव आणि स्पर्धेचा डाव: व्यावसायिकाकडून नेमके काय उचलावे

पोकर शिकणाऱ्यांमध्ये एक सवय सर्रास दिसते. नामांकित व्यावसायिकाचा डाव पाहायचा, कोणत्या पत्त्यांवर त्याने किती चिप्स लावल्या हे वहीत उतरवायचे आणि पुढच्या स्पर्धेत ते जसेच्या तसे वापरायचे. तो डाव कॅश गेममधला (थेट पैशांवर चालणाऱ्या खेळातला) होता की स्पर्धेतला, आणि स्पर्धेतला असल्यास कोणत्या टप्प्यावरचा, याची नोंद मात्र क्वचितच कोणी करते. मग चर्चेत ‘अमक्याने इथे कॉल केला होता’ (म्हणजे समोरच्याने लावल्या तितक्याच चिप्स लावल्या होत्या) हे वाक्य पुराव्यासारखे पुढे येते आणि बक्षिसांची वाटणी कशी होती, हे विचारले की समोरचा गप्प होतो.

कॅश गेम बहुतेकांना चांगला ठाऊक असतो, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या चिप्स, बदलत नाहीत, चिप्स संपल्या तर नव्या घेता येतात आणि हवे तेव्हा उठता येते. स्पर्धेत ब्लाइंड वाढत जातात, त्यामुळे १०० बिग ब्लाइंडचा (मोठ्या ब्लाइंडच्या १०० पट) स्टॅक, म्हणजे खेळाडूकडचा चिप्सचा साठा, पाहता पाहता २० वर येतो आणि फ्लॉपनंतरच्या (टेबलावरची पहिली तीन सामाईक पाने उघडल्यानंतरच्या) बारकाव्यांना फारशी जागा उरत नाही. हा फरक सर्वांना दिसतो आणि थोड्या सरावाने अंगवळणीही पडतो. घोटाळा होतो तो दुसऱ्याच ठिकाणी.

कॅश गेममध्ये चिप म्हणजेच पैसा असतो. चिप्स दुप्पट झाल्या की पैसे दुप्पट झाले. स्पर्धेत तसे होत नाही, कारण सगळ्या चिप्स जिंकणाऱ्यालाही सगळी रक्कम मिळत नाही. तिचा मोठा भाग खालच्या क्रमांकांना वाटला जातो. त्यामुळे जिंकलेल्या प्रत्येक जादा चिपची किंमत आधीच्या चिपपेक्षा थोडी कमी होत जाते आणि हातातली शेवटची चिप सर्वांत महाग ठरते. हे ऐकून सगळे माना डोलावतात, पण आकडे मांडून पाहणारे थोडेच असतात.

समजा, चार खेळाडू उरले आहेत, प्रत्येकाकडे ५,००० चिप्स आहेत आणि बक्षिसे तिघांनाच आहेत: एकूण रकमेच्या ५०, ३० आणि २० टक्के. सगळे समान असल्याने प्रत्येकाचा वाटा २५ टक्के. आता एक जण ऑल-इन जातो, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावतो, आणि तुम्ही कॉल करून जिंकता. तुमच्याकडे १०,००० चिप्स झाल्या, म्हणजे कॅश गेमच्या हिशेबाने वाटा ५० टक्के व्हायला हवा. आयसीएम नावाची पद्धत मात्र चिप्सच्या प्रमाणावरून प्रत्येक क्रमांक मिळण्याची शक्यता काढते. तिच्यानुसार तुम्ही पहिले येण्याची शक्यता १/२, दुसरे येण्याची १/३ आणि तिसरे येण्याची १/६ आहे. या तिन्हींची बक्षिसांशी सांगड घातली की वाटा येतो ३८.३३ टक्के. धोक्यात घातले २५ आणि जिंकल्यावर हाती आले ३८.३३, म्हणजे ब्लाइंड बाजूला ठेवले तरी कॉल परवडण्यासाठी जिंकण्याची शक्यता ५० नव्हे, सुमारे ६५ टक्के हवी.

आता हातात अठ्ठीची जोडी आहे आणि समोर एक्का-राजा आहे असे धरा. जोडी सुमारे ५५ टक्के वेळा जिंकते. कॅश गेममध्ये हा कॉल आनंदाने करावा. वरच्या स्थितीत तोच कॉल तुमचा वाटा २५ वरून सरासरी सुमारे २१ टक्क्यांवर आणतो. ही गळती जाते कोठे? पत्ते टाकून गंमत पाहत बसलेल्या दोघांकडे. एक जण बाद होताच त्यांचा वाटा प्रत्येकी २५ वरून ३०.८३ टक्के होतो, तोही काही न करता.

यातूनच दुसरी गफलत जन्माला येते. बक्षिसांच्या उंबरठ्यावर, म्हणजे बबलवर, व्यावसायिक साध्यासुध्या पत्त्यांवरही ऑल-इन जाताना दिसतो आणि पाहणारा समजतो की तसले पत्ते इथे चालतात. ते चालतात ते चिप्स आधी पुढे ढकलणाऱ्याला, कारण समोरच्याला कॉल परवडत नाही हे त्याला माहीत असते आणि बहुतेक वेळा न लढताच पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, त्याच्याकडे येतो. त्याच पत्त्यांवर कॉल करणाऱ्याला ही सोय नसते. ऑल-इन आणि कॉल वहीत एकाच रकान्यात लिहिणाऱ्यांनी ती वही फाडून टाकलेली बरी.

आता सर्वांचा लाडका डाव घेऊ. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ख्रिस मनीमेकरने सॅमी फऱ्हासमोर शेवटच्या पानानंतर ऑल-इन केले. मनीमेकरच्या हाती साधी जोडीही नव्हती आणि फऱ्हाने नव्वीची जोडी टाकून दिली. स्पर्धेतल्या धाडसाचा नमुना म्हणून हा डाव आजही सांगितला जातो. प्रत्यक्षात तेव्हा दोघेच उरले होते. दुसऱ्या क्रमांकाचे १३ लाख डॉलर दोघांचेही पक्के होते आणि लढत फक्त पहिल्या बक्षिसाच्या २५ लाखांपर्यंतच्या उरलेल्या १२ लाखांसाठी होती. अशा वेळी चिप्स आणि पैसे पुन्हा सरळ प्रमाणात येतात, म्हणजे किमतीच्या दृष्टीने तो डाव जवळजवळ कॅश गेमचाच ठरतो. अंतिम टेबलावर नऊ जण असताना त्याचे अनुकरण करणे म्हणजे भलत्याच प्रश्नाचे उत्तर पाठ करणे.

दुसरे टोक सॅटेलाइटचे, म्हणजे बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेचे तिकीट देणाऱ्या छोट्या स्पर्धेचे, आहे. दहा जणांना सारखेच तिकीट मिळणार आहे, अकरा जण उरले आहेत, तुमचा स्टॅक मध्यम आहे आणि तीन-चार जण अगदी शेवटच्या घटका मोजत आहेत. मोठा स्टॅकवाला ऑल-इन जातो आणि तुमच्या हाती एक्क्यांची जोडी येते. तिकिटाची खात्री आधीच ९५ टक्क्यांच्या घरात असेल, तर सुमारे ८५ टक्के जिंकणारी जोडीही टाकावी, कारण जादा चिप्सना तिथे काहीच किंमत नाही.

आयसीएमलाही मर्यादा आहेत: पुढच्या डावात कोणावर ब्लाइंड येणार आणि कोण अधिक कुशल आहे, हे तो पाहत नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्याला बाद करण्याचे वेगळे इनाम असेल, तर कॉलची अट उलट सैल होते. तरीही डाव अभ्यासाला घेताना उरलेले खेळाडू, बक्षिसांची उतरंड आणि टेबलावरचे सगळे स्टॅक आधी लिहावेत, पत्ते नंतर. माझी पसंती व्यावसायिकाने टाकून दिलेल्या चांगल्या पत्त्यांना आहे. संपादित चित्रणात ते डाव सहसा कापलेले असतात, म्हणून शक्य असेल तिथे सलग चित्रणच पाहावे.