पर्मनंट फाइल की करंट फाइल? एकाच कर्जाचे कागद दोन ठिकाणी

सातपूरच्या एका कंपनीचं ऑडिट चालू होतं. आमच्याकडच्या नव्या आर्टिकलनं (सीए होण्यासाठी फर्ममध्ये काम शिकणारी विद्यार्थिनी) टर्म लोनचं सँक्शन लेटर (बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र), ३१ मार्चचं बँकेचं बॅलन्स कन्फर्मेशन (शिल्लक कर्जाची लेखी खात्री) आणि व्याजाचं वर्किंग (आपण तपासलेल्या हिशेबाचा कागद) असे तिन्ही कागद एकत्र पंच करून करंट फाइलला लावून टाकले. म्हणाली, "सर, लोन एकच आहे ना?" लोन एकच, पण कागद दोन जातींचे. हा गोंधळ पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक आर्टिकलचा होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

पर्मनंट फाइलमध्ये क्लायंट कोण आहे ते असतं: मेमोरँडम आणि आर्टिकल्स (कंपनीचे उद्देश आणि कारभाराचे नियम सांगणारे दस्तऐवज), एमआयडीसीच्या प्लॉटचं ९५ वर्षांचं लीज डीड, कर्जाच्या अटी, हिशेबाची धोरणं, महत्त्वाच्या ठरावांच्या प्रती. करंट फाइलमध्ये आपण या वर्षी काय तपासलं ते असतं: ऑडिट प्रोग्रॅम, ट्रायल बॅलन्स, कन्फर्मेशन, क्वेरी आणि त्यांची उत्तरं, मॅनेजमेंटचं रिप्रेझेंटेशन (त्यांचं लेखी निवेदन). कागद हातात आला की मी एवढंच विचारतो: पुढच्या वर्षी हा पुन्हा उघडावा लागणार आहे का? लागणार असेल तर पर्मनंट. फक्त यंदाच्या एखाद्या आकड्याला आधार देत असेल तर करंट. म्हणून सँक्शन लेटर पर्मनंटला, कन्फर्मेशन आणि व्याजाचं वर्किंग करंटला, आणि वर्किंगवर सँक्शन लेटरचा रेफरन्स नंबर. हा नंबर राहिला तर दोन्ही फाइली एकमेकींना मुक्या होतात.

'पर्मनंट' या शब्दानं मात्र फसू नका. काही वर्षांपूर्वी आम्ही एका क्लायंटला व्याजाची तरतूद कमी केल्याची क्वेरी काढली. त्यांचे अकाउंटंट शांतपणे नवं सँक्शन लेटर घेऊन आले. दर बदलला होता आणि आमच्या फाइलला जुनंच पत्र होतं. चूक आमची होती. तेव्हापासून पर्मनंट फाइलच्या इंडेक्सवर दरवर्षी पाहणाऱ्याची सही आणि तारीख पडते. नवं पत्र आलं की जुन्यावर 'रद्द' आणि तारीख लिहितो, पण ते फाडत नाही. मागच्या वर्षांचे रिपोर्ट त्याच पत्रावर उभे आहेत.

उलटी चूक जास्त घातक. गेल्या वर्षीच्या करंट फाइलमधली शीट कॉपी करायची, वर्ष बदलायचं आणि यंदाच्या फाइलला लावायची. स्टॉकच्या वर्किंगवर "स्टॉक पाहिला, बरोबर आहे" एवढंच लिहिलेलं मी अनेकदा परत केलंय. कोणत्या तारखेला पाहिला? गोडाऊनचे कोणते रॅक? कोणते आयटम कोड, ते कसे निवडले? रजिस्टरला किती, मोजणीत किती, फरकाचं कारण काय? मोजणी कुणी केली आणि वर्किंग नंतर कुणी, कधी तपासलं? एसए २३० (ऑडिटच्या कागदपत्रांबद्दलचं स्टँडर्ड) ची कसोटी अशी आहे की या ऑडिटशी आधी काहीही संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला फक्त कागद वाचून आपण काय केलं, काय सापडलं आणि कोणत्या निष्कर्षाला आलो ते कळलं पाहिजे. "तोंडी सांगतो सर" ही सोय त्यात नाही.

जपणुकीचा हिशेब करंट फाइलला सोपा आहे. रिपोर्टवर ५ सप्टेंबर २०२५ ला सही झाली, तर ६० दिवसांत, म्हणजे ४ नोव्हेंबरपर्यंत फाइल जुळवून बंद करायची. त्यात रेफरन्स घालणं, जुने मसुदे काढणं ही आवराआवर चालते. नवी तपासणी नाही. बंद झाल्यावर मुदत संपेपर्यंत एकही कागद काढायचा नाही. काही घालावंच लागलं तर का, कधी आणि कुणी घातलं ते लिहायचं. या रिपोर्टच्या वेळी लागू असलेल्या एसक्यूसी १ (ऑडिट फर्मच्या गुणवत्ता नियंत्रणाचं स्टँडर्ड) प्रमाणे फाइल साधारणपणे रिपोर्टच्या तारखेपासून किमान ७ वर्षं ठेवायची, म्हणजे इथे ५ सप्टेंबर २०३२ पर्यंत.

पर्मनंट फाइलला अशी एकच तारीख लावता येत नाही, कारण त्यातला कागद दरवर्षीच्या रिपोर्टला आधार देत असतो. आमच्याकडे रद्द झालेल्या कागदाची ७ वर्षं, तो ज्या शेवटच्या रिपोर्टला वापरला त्या तारखेपासून मोजतो. आणि या सगळ्या फाइली माळ्यावर किंवा तळमजल्यावर नकोत. दुतोंड्या मारुतीला (गोदाघाटावरची मूर्ती, तिच्यावरून पुराची पातळी ओळखतात) पाणी लागलं की गोदाकाठच्या ऑफिसांची काय धावपळ होते, हे नाशिककरांना सांगायला नको.

दोन्ही फाइली ऑडिटरच्या मालकीच्या. क्लायंटनं प्रत मागितली तर द्यायची की नाही, हे ऑडिटर ठरवतो. मूळ कागद मात्र क्लायंटचाच. सँक्शन लेटर असो की लीज डीड, फाइलला झेरॉक्स लावायची आणि मूळ प्रत त्याच दिवशी, रजिस्टरवर सही घेऊन परत द्यायची.